माझ्या बोटांना न कळलेलं सूत

सूत चिमटीत धरलं की ते कशाचं आहे ते मला कळतं. ही बढाई नाही. म्हणजे बढाईच आहे, पण खरी आहे. मी चौथीपर्यंत शिकलो, तीही वार्षिक परीक्षेला दांडी मारून. मग सोलापुरातल्या एका चादरी-टॉवेलच्या कारखान्यात सुताच्या गोदामात लागलो, तो म्हातारा होऊनच बाहेर आलो. सुताची गाडी आली की व्यापारी म्हणायचा, माल शंभर टक्के सुती आहे. मालक त्याच्याकडं बघायचा नाही, माझ्याकडं बघायचा. मी कोनाचा, म्हणजे सुताच्या शंकूसारख्या गुंडीचा, एक धागा तोडायचो, बोटांत फिरवायचो आणि शंका आली तर काडी ओढून जाळायचो. खरा सुती धागा कागदासारखा जळतो, मागं मऊ राख राहते, फुंकर मारली की उडून जाते. मिक्स सूत असेल तर ते आकसतं, वितळतं आणि टोकाला काळा, कडक मणी धरतं. तो मणी मी व्यापाऱ्याच्या तळहातावर ठेवायचो आणि म्हणायचो, "घ्या शेट, तुमचा कापूस."

हे आधी सांगून घेतोय, कारण पुढं जे सांगायचंय त्यात माझी अब्रू शिल्लक राहत नाही. सुरुवातीला तरी थोडी असू दे.

माझी बायको जन्मभर विड्या वळत आली. आमच्या तेलुगू विणकरांच्या घरांत हे नवीन नाही, नवरा मागावर आणि बायको मांडीवर सूप घेऊन चाळीच्या ओट्यावर. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. मीही आधी विडीच ओढायचो. पण गोदामात मला स्टूल मिळालं, लोक 'तपासनीस' म्हणायला लागले, आणि मला वाटलं आता विडी शोभत नाही. फिल्टरची सिगारेट धरली. पांढरी, गुळगुळीत, टोकाला बुचासारखा रंग. बायको म्हणाली, "घरात विड्यांचा ढीग पडलाय आणि ह्यांना शिग्रेट पायजे. पिच्चि मनिषी." म्हणजे येडा माणूस. ती हे शब्द दिवसातून चारदा म्हणते, आणि त्यात थोडा लाड असतो असं मी समजून घेतो.

आता आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मुलानं इथं फ्लॅट घेतला आणि स्वतः नोकरीला पुण्यात राहिला, म्हणून दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच. चाळ सोडताना बायकोनं भांडीकुंडी देऊन टाकली, पण ओट्यावरच्या पत्र्याच्या डब्यातला मोगरा सोडला नाही. त्याचं कारण मला माहीत आहे. दिवसभर विड्या वळल्यावर तंबाखूचा वास हातातून जात नाही, साबणानं जात नाही, मातीनं जात नाही. ती संध्याकाळी मोगऱ्याची चार फुलं तळहातात चुरायची आणि मगच भाकरी थापायला बसायची. आता विड्या सुटल्या, पण संध्याकाळी फुलं चुरायची सवय राहिली.

फ्लॅटच्या गॅलरीत मोगरा खुरटायला लागला. म्हणून मी त्याला खाली नेला. बिल्डिंगीच्या मागं, भिंतीला लागून, चार खाटा मावतील एवढी मोकळी माती होती. मोगरा लावला, शेजारी कढीपत्ता लावला, पुढं मेथीचे दोन वाफे केले. कुणाला विचारलं नाही. ही जागा माझीच असल्यासारखा मी तिथं खुर्ची टाकून बसायला लागलो, कारण घरात धूर काढायला बायकोची बंदी होती.

बिल्डिंगीचे चेअरमन माझ्याहून वीस वर्षांनी लहान, नोकरदार, बोलायला गोड. त्यांना तिथं सिमेंटचे ब्लॉक बसवून गाड्या लावायच्या होत्या. मीटिंगीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माती हाय म्हणून पाणी मुरतंय. माती हाय म्हणून बिल्डिंगीला वास न्हाय. माती समदं खाती आन समदं परत देती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या हा मला जडलेला दुसरा नाद. चेअरमन म्हणाले, "बरं काका, राहू दे. पण नुसती उकिरड्यासारखी पडली तर मात्र ब्लॉक."

माती समदं खाती, हे बोलून झाल्यावर मी तिला खाऊ घालायला लागलो.

सिगारेट संपली की थोटूक मी मोगऱ्याच्या बुडाशी बोटानं खड्डा करून पुरायचो. यामागं माझं शास्त्र होतं. एक, फिल्टर म्हणजे कापूस, बघा ना, पांढरा, मऊ, तंतू तंतू. कापूस मातीत कुजतो. दोन, उरलेली तंबाखू. गावाकडं पिकावरच्या माव्यावर तंबाखूचं पाणी मारतात, कीड मरते. म्हणजे खत आणि औषध एकाच पुडीत. रस्त्यावर थोटकं फेकणाऱ्या पोरांना मी सुनवायचो, "आरं, गटारीत कशाला टाकताय? पाऊस आला की ते तळ्यात जातंय. मातीत घाला, माती खाईल." गटारीचं मी बरोबर बोलत होतो. माणूस अर्धा बरोबर असला की त्याला आवरणं लई अवघड.

माझ्या एकट्याच्या थोटकांनी माझं समाधान होईना. कोपऱ्यावर पानपट्टी आहे. तिथं मी एक रिकामा तेलाचा डबा नेऊन ठेवला आणि पानपट्टीवाल्याला सांगितलं, गिऱ्हाइकांना यात टाकायला सांग. रोज संध्याकाळी मी तो डबा घेऊन यायचो आणि वाफ्यात रिकामा करून वर माती ओढायचो. पानपट्टीवाला म्हणायचा, "काका, लोक फुलं घेऊन जात्यात, तुमी थोटकं घेऊन चाललाय." मी म्हणायचो, "ह्याचीच फुलं होणार हायेत, बघ तू."

पहिल्या वर्षी मोगरा फुलला. दुसऱ्या वर्षी कळ्या आल्या त्या तांबूस होऊन गळल्या. पानं पिवळी पडली. मेथी टाकली तर उगवेना, आणि उगवलीच तर बोटभर होऊन माना टाकायची. आधी माती उकरली की गांडुळं वळवळायची, ती दिसेनाशी झाली. मी आणखी डबे ओतले. औषध कमी पडतंय असं मला वाटलं.

बायको रोज संध्याकाळी खाली यायची आणि झाडाकडं बघून रिकाम्या हातानं वर जायची. काही बोलायची नाही. ती बोलली नाही की मला गुन्हेगार शोधावा लागतो, आणि तो मी नसतो.

गुन्हेगार जवळच होता. तळमजल्यावर एक रिक्षावाले राहतात, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान मुसलमान गृहस्थ. त्या मातीच्या एका कडेला ते रोज सकाळी रिक्षा धुवायचे आणि मागच्या सीटवर बसून एक विडी ओढायचे. पाणी वाहत वाहत मातीत जायचं. मी एक दिवस जाऊन उभा राहिलो.

"तुमच्या साबणाच्या पाण्यानं माती मेली माजी."

"चाचा, साबण हप्त्यात एकदा लावतो. बाकी दिवस नुसतं पाणी मारतो की."

"मला शिकवू नका. चाळीस वर्षं सूत तपासलंय मी."

"हौ चाचा, पण रिक्षा काय सुताची न्हाय."

मला राग आला, कारण बोलणं चांगलं होतं. वर जाऊन मी वहीचा कागद फाडला आणि माझ्या अक्षरात अर्ज लिहिला. 'सदर जागेतील माती साबणाचे पाण्याने पूर्ण मेलेली आहे. तिच्यात काही उगवणे शक्य नाही. तरी रिक्षा धुण्यास बंदी करावी.' 'सदर' आणि 'तरी' हे दोन शब्द मला कारखान्यातल्या नोटिसा वाचून येतात, ते वापरल्याशिवाय मी अर्ज लिहीत नाही. अर्ज जिन्यापाशी फळ्यावर लागला. येता जाता मी तो वाचायचो.

रिक्षावाल्यांनी दुसऱ्या दिवसापासून तिथं धुणं बंद केलं. भांडले नाहीत, बोलले नाहीत, फक्त मला सलाम करायचे थांबले. रिक्षा बाहेर कुठं तरी धुऊन आणायला लागले.

दोन महिने गेले. साबण नाही, पाणी नाही, आणि मोगऱ्याची उरलेली पानंही गेली.

मग एका दुपारी बायको स्वतः खुरपं घेऊन खाली आली. म्हणाली, "मूळ बघते. जिवंत असंल तर काढून परत डब्यात घालते." ती बुडाशी उकरायला लागली आणि मातीबरोबर थोटकं वर यायला लागली. एक नाही, दोन नाही. खुरप्याच्या प्रत्येक फटक्याला ओंजळभर. तिनं ती पदरात झाडून बाजूला मांडली, शेंगा सोलून मांडाव्या तशी.

"हे काय हाय?"

"खत."

तिनं एक थोटूक उचललं. त्याच्या बुडाला निळी रेघ होती. निळ्या रेघेची सिगारेट मी इथं आल्यावर पहिल्या वर्षी ओढायचो, पुढं पानपट्टीवर ती यायचीच बंद झाली. म्हणजे हे सर्वांत जुनं, पहिल्या वर्षी पुरलेलं. वरचा कागद गेला होता, रेघेचा तुकडा तेवढा चिकटून होता, आणि आतलं ते जसंच्या तसं. तपकिरी पडलेलं, पण दाबलं की परत फुगणारं.

"ह्ये कुजलं का न्हाय मग?"

"थोडा टाइम लागतो कापसाला."

"आमच्या लुगड्याचं चिंधूक पुरलं तर पावसाळ्यात जातंय, आन ह्याला टाइम लागतो?" मग ती रिक्षा जिथं उभी राहायची त्या कडेला गेली. तिथं रिक्षावाल्यांच्या रोजच्या विड्या पडलेल्या असायच्या. तिनं खुरप्यानं उकरलं, चाळवलं. हाताला एक दोऱ्याचा तुकडा आला, पानाचा काळा चुरा आला, बस. विडी मातीनं खाऊन टाकली होती. माझी बायको जन्मभर जे वळत आली ते तिथं मातीत मिसळून गेलं होतं, आणि मी ऐटीत जे ओढत आलो ते मोगऱ्याच्या मुळाशी तसंच बसून होतं.

ती माझ्यासमोर ते थोटूक धरून म्हणाली, "अहो, तुमी जगाचं सूत जाळून बघितला. ह्ये कदी जाळून बघितला का?"

खरंच नव्हतं बघितलं. पन्नास वर्षं जी वस्तू रोज ओठात धरली तिचा एक तंतू कधी काडीला लावला नव्हता. आपल्या तोंडातल्या मालावर शंका कोण घेतो?

मी जुनं थोटूक घेतलं नाही. खिशातली नवी सिगारेट काढली, फिल्टर मोडून वेगळा केला. तेवढी सिगारेट वाया गेली याचं वाईट वाटलं, हेही सांगून टाकतो. कागद सोलला, तंतू पिळून धागा केला, चिमटीत धरला आणि काडी ओढली.

तो आकसला. ठिबकला. विझल्यावर टोकाला काळा मणी. नाकाला आंबूस, झोंबणारा वास. मी फुंकर मारली. काही उडालं नाही. मणी नखानं दाबून बघितला, कडक. दुसरा धागा जाळला, तिसरा जाळला, एखाद्या व्यापाऱ्यानं हुज्जत घालावी तसा. प्रत्येक वेळी मणी.

बायको हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "झाडाच्या बुडाशी प्लास्टिक भरला. वर इखारी तंबाखूचा काढा." आणि खुरपं तिथंच ठेवून वर गेली.

मी खुर्चीवर बसलो आणि तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. फिल्टरचं काम काय? धुरातलं वाईट ते अडवायचं. म्हणजे पन्नास वर्षं जे विष माझ्या छातीत जाऊ नये म्हणून फिल्टरनं धरून ठेवलं, ते मी स्वतःच्या हातानं मोगऱ्याच्या तोंडात घालत होतो. माझं एकट्याचं नाही, अख्ख्या पानपट्टीचं.

त्याच आठवड्यात मीटिंग लागली. रविवारी सकाळी, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या. भिंतीला ब्लॉकचे नमुने लावून ठेवले होते, लाल आणि करडे. चेअरमननी फळ्यावरून एक कागद काढून आणला होता. लांबूनच मी माझं अक्षर ओळखलं.

"आपण काकांच्या शब्दाला मान देऊन जागा ठेवली होती," ते म्हणाले. "पण आता काकांनीच लेखी दिलंय. 'माती पूर्ण मेलेली आहे. तिच्यात काही उगवणे शक्य नाही.' सूत असो, माती असो, काकांची पारख पक्की. तेव्हा ब्लॉक बसवायला कुणाची हरकत?"

माझ्याच 'सदर'नं माझा गळा धरला होता. आता दोनच रस्ते होते. गप्प बसलो तर माझी पारख शाबूत राहणार होती, साबणाचा आळ रिक्षावाल्यांवर राहणार होता, आणि बायकोच्या मोगऱ्याच्या मुळावर सिमेंट बसणार होतं. बुडाशी खोड अजून हिरवं होतं, तिनं नखानं खरवडून मला दाखवलं होतं. बोललो तर चाळीस वर्षांची ऐट जाणार होती. लाज वाटते, पण मला विचार करायला वेळ लागला. मी उभा राहिलो आणि सिगारेटच्या कंपन्या लोकांना कसं फसवतात यावर बोलायला लागलो. चांगलं बोलत होतो. एकदोन माना हलल्याही. तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला.

"मणी दाखवा की."

त्या दुपारी जाळलेला मणी मी कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवला होता, ती पुडी काढली. रिक्षावाले शेवटच्या रांगेत बसले होते. मी त्यांच्यापाशी गेलो, त्यांचा हात धरला आणि तळहातावर काळा मणी ठेवला. म्हणालो, "घ्या. माजा कापूस. साबणानं काय झालं न्हाय. मातीला मी मारलं. शिग्रेटीची थोटकं पुरून."

पार्किंगमध्ये हसू फुटलं. तिसऱ्या मजल्यावर कॉलेजात शिकवणाऱ्या बाई राहतात. त्या म्हणाल्या, "काका, ते लाकडापासूनच करतात, पण प्रक्रिया करून त्याचं प्लास्टिक होतं. उन्हात फुटून फुटून बारीक होत जातं, पण जात नाही. तुम्हाला कापूस वाटला यात नवल नाही." त्यांनी मला सांभाळून घेतलं, पण मला सांभाळून घेतलेलं आवडत नाही, म्हणून मी म्हणालो, "मला वाटायला नको होतं. माजं कामच ते होतं."

रिक्षावाल्यांनी मणी उलटासुलटा करून बघितला. म्हणाले, "म्हणजे चाचा, माझा साबण बाइज्जत सुटला?"

"सुटला."

"मग ते कागदावर पण लिहा की. फळ्यावर लावा. 'सदर साबण.'"

सगळ्यांत मोठ्यानं माझी बायको हसली. चेअरमनना मात्र ब्लॉक पाहिजेच होते. ते म्हणाले, "काका, मोठं मन लागतं कबूल करायला. पण माती मेली ती मेलीच ना? एक महिना देतो. मेथी उगवून दाखवा. नाही उगवली तर विषय संपला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी रिक्षा उभी. मागच्या सीटवर वाळू चाळायची मोठी चाळण. रिक्षावाले म्हणाले, "चला चाचा, माल तपासायचाय." मोगऱ्याची मुळं धुऊन बायकोनं तो जुन्या पत्र्याच्या डब्यात घातला आणि त्यांच्याच दारात, सावलीला ठेवला. आम्ही दोघं माती फावड्यानं चाळणीवर टाकायचो. अख्खी थोटकं वर राहायची. पण जी उन्हात फुटली होती त्यांचे केसासारखे तंतू चाळणीतून खाली पडायचे. ते बोटांनी वेचावे लागायचे. मातीच्या चिमटीतून मुळाचा तंतू कुठला आणि फिल्टरचा कुठला, हे आता माझी बोटं ओळखायला लागली. उशिराच, पण लागली. तरी सगळं निघालं असं मी म्हणणार नाही. जे डोळ्याला दिसत नाही ते तिथंच आहे.

गोण्या भरल्या तेव्हा नवा प्रश्न आला, हे टाकायचं कुठं? घंटागाडीवाल्यानं विचारलं, "काका, काय हाय ह्यात?" मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "आमी तरी कुटं नेणार? डेपोत. तितंबी ते तसंच पडणार." मी हात जोडले आणि गोण्या गाडीत टाकल्या.

कडेपर्यंत सगळ्या मातीत मेथी टाकली. चार दिवस गेले, सहा गेले. मी रोज वाकून वाकून बघायचो. मोगऱ्याच्या जागेवर, जिथं मी सर्वांत जास्त 'औषध' घातलं होतं, तिथं काही नाही. मधल्या वाफ्यात दोन-चार काड्या, त्याही मरतुकड्या. मग बायकोनं हाक मारली, "अहो, हिकडं या." ती भिंतीच्या कडेला उभी होती, जिथं रिक्षा धुतली जायची. मी तिकडं कधी थोटूक पुरलं नव्हतं, कारण तिथली माती साबणानं खराब झालीय असं मी स्वतःच ठरवलं होतं. तिथं मेथी वर आली होती. दाट, हिरवी, ओळीत.

चेअरमन येऊन बघून गेले. मग ब्लॉकचे नमुने भिंतीपासून उचलले गेले. मी रिक्षावाल्यांना म्हणालो, "उद्यापासून रिक्षा हितंच धुवा." ते म्हणाले, "साबण लावू का नको?" मी म्हणालो, "बेतानं." सगळंच हरायचं नसतं.

सिगारेट सुटली का, हे मला विचारू नका. बायकोनं एक काचेची बरणी आणलीय. ओढलेलं प्रत्येक थोटूक त्यात टाकायचं आणि बरणी माझ्या उशाशी ठेवायची असा तिचा हुकूम आहे. म्हणाली, "मातीला नको ते तुमच्या डोक्याशी." झाकण लावलं तरी वास येतो. हल्ली ओढण्यापूर्वी मी बरणीकडं बघतो आणि पुष्कळदा सिगारेट परत पाकिटात घालतो. हट्टी माणसाला असंच काही तरी लागतं.

मेथीची पहिली जुडी बायकोनं खुडली. मी हात पुढं केला. तिनं ती पदरात घेतली आणि तळमजल्यावर जाऊन रिक्षावाल्यांच्या घरात देऊन आली. येताना त्यांच्या दारातल्या डब्याकडं वाकून बघितलं. मोगऱ्याच्या खोडाला एक फुटवा आला होता, मुगाच्या दाण्याएवढा.

"आपल्याला मेथी?" मी विचारलं.

"मधल्या वाफ्यातल्या मरतुकड्या हायेत की," ती म्हणाली. "त्या तुमच्या."